पिशवी न घेता

लूकाच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायात येशू सत्तर शिष्यांना गावोगाव धाडतो. काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा बहात्तर आहे. त्यानं फरक पडत नाही. तो दोघादोघांच्या जोड्या करतो आणि निघण्याआधी त्यांना सामान उतरवून ठेवायला लावतो. पैशांची थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. मग गावात शिरल्यावर काय करायचं ते सांगतो. ज्या घरात जाल त्या घराला आधी शांती चिंता. त्याच घरात राहा. ते जे वाढतील ते खा, जे देतील ते प्या. आज या घरी, उद्या त्या घरी असं करू नका. तिथल्या आजाऱ्यांना बरं करा. आणि मग बोला, की देवाचं राज्य तुमच्याजवळ येऊन ठेपलं आहे.

बोलणं सगळ्यात शेवटी आहे. त्याआधी पाहुणचार आहे.

मी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या मंडळ्यांत पाळक म्हणून आयुष्य काढलं. आता निवृत्त आहे, आणि सुवार्तिकाचं काम करू पाहणाऱ्या मुलामुलींच्या वर्गात शिकवायला जातो. विशी-पंचविशीतली मुलं. कुणाच्या पाठीला गिटार, सगळ्यांच्या हातात मोबाईल, आणि त्यात कुठल्याशा परदेशी प्रचारकाची भाषणं. पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारतं, "पास्टर, प्रभावी मिशनरी व्हायला काय काय लागतं?" उत्तर त्यांच्या मनात तयार असतं. आवाज खणखणीत हवा, वचनं तोंडपाठ हवीत, वाद घालणाऱ्याला गप्प करता आलं पाहिजे. या गोष्टींना मी नावं ठेवत नाही. चांगला आवाज ही देवाची देणगी आहे, आणि वचनं पाठ नसलेला सुवार्तिक मला चालत नाही. पण हे सगळं द्यायच्या बाजूचं झालं. मी त्यांना उलट विचारतो, "तुला घेता येतं का?"

माझं म्हणणं हेच आहे आणि मी ते ठामपणे मांडतो. ज्याच्याकडे विश्वास घेऊन जायचं, त्याच्याकडून काही घ्यायची ज्याची तयारी नाही, त्यानं सुवार्ता सांगायला जाऊच नये. भाकरी घ्यावी, पाणी घ्यावं, त्याची भाषा घ्यावी, गाणी घ्यावीत, त्याचा रागही घ्यावा. शिष्यांचे हाल व्हावेत म्हणून येशूनं त्यांची पिशवी काढून घेतली असं मला वाटत नाही. भुकेला माणूस दुसऱ्याच्या उंबऱ्याशी थांबतो, आत बोलावलं तरच जातो. घरधन्याचा मान तिथं आपोआप राखला जातो. भरली पिशवी घेऊन गेलेला माणूस मात्र दुसऱ्याच्या घरात स्वतःच यजमान होऊन बसतो.

खुद्द येशूचं पाहा. योहानाच्या चौथ्या अध्यायात तो भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर थकून बसला आहे, आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे प्यायला मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी असला व्यवहार ठेवत नसत. ती बाईच चकित होऊन विचारते, तू माझ्याकडे कसं मागतोस? पाश्चात्त्य भाष्यकारांना हा प्रसंग समजावून सांगायला पानं खर्ची घालावी लागतात. मराठी माणसाला ती लागत नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला म्हणजे काय केलं, हे आपल्याला ठाऊक आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं ते कशासाठी, हेही ठाऊक आहे. येशू त्या बाईशी जिवंत पाण्याबद्दल बोलतो ते नंतर. आधी त्याला तिच्या घागरीतलं पाणी हवं असतं, आणि त्याची तहान खरी असते.

माझी आजी नेवासे तालुक्यात बायबलबाई होती. वडाळ्याच्या मिशनपासून पायी जाता येईल अशा वाड्यावस्त्या तिच्याकडे असत. आमचं घराणं मूळचं महारवाड्यातलं. गावातल्या मोठ्या घरांत तिला ओट्यावर चढायची मुभा नव्हती, अंगणात बसायचं. गोऱ्या मडमेबरोबर गेली तर मडमेसाठी खुर्ची निघायची आणि आजी उभी राहायची. म्हणून तिला एकटीनं जायला आवडायचं.

दुसऱ्या महायुद्धात एका घरचा मुलगा मराठा पलटणीतून इटलीच्या आघाडीवर गेला होता. त्याची पत्रं यायची. घरात वाचता येणारं कुणी नव्हतं, आणि गावात कुणाकडून वाचून घ्यावं तर घरातली गोष्ट दुसऱ्या दिवशी चावडीवर. त्या मुलाच्या आईनं आजीला हाक मारली. आजीनं अंगणात बसून पत्र वाचलं, परत एकदा वाचलं, मग ती सांगेल तसं उत्तर लिहिलं. म्हैस व्यायली, कालवड झाली. धाकटीचं ठरतंय. विहिरीनं तळ गाठलाय. मग ती बाई आवाज खाली आणून म्हणाली, "बाप रात्रभर खोकतो, पण ते लिहू नको. तिकडं जिवाला लावून बसंल." आजीनं ते लिहिलं नाही. कुणाला सांगितलंही नाही, आम्हालासुद्धा नाही. मला हे कळलं ते त्या घरच्या नातवाकडून, आजी गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

त्याच पहिल्या दिवशी आजीनं पाणी मागितलं होतं. बाईनं वरून ओतलं, आजी ओंजळीनं प्याली. माझ्या थोरल्या चुलत्यांना याचा भयंकर संताप यायचा. ते बाबासाहेबांच्या सभांना जाणारे. "देवाचं सांगायला जाते आणि वरून पाणी ओतून घेते," म्हणून ते आपल्या आईवर, म्हणजे आजीवर, चिडायचे. त्यांचा संताप मला आजही रास्त वाटतो. जिथं हक्क मागायचा तिथं हक्कच मागावा, तिथं ओंजळ धरू नये. पण आजीचं उत्तरही मी विसरू शकत नाही. ती म्हणायची, "मी मागते म्हणून तिला काय ते ठरवावं लागतं. मागितलंच नाही, तर तिच्यावर ठरवायची पाळीच यायची नाही." पत्रं येत राहिली, उत्तरं जात राहिली. एका दुपारी ती बाई भरलेला तांब्या घेऊन अंगणात उतरली आणि तिनं तो आजीच्या हातात दिला. ओट्यावर तिची सासू बसली होती. ती काही न बोलता उठून आत गेली. आजीनं तांब्यानं पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि लगेच निघाली. आपल्यामागं तो राखेनं घासला जातोय की नाही हे पाहायला ती थांबली नाही. त्या बाईला एवढी मोकळीक द्यायलाच हवी, असं तिचं म्हणणं.

ती बाई ख्रिस्ती झाली नाही. शेवटपर्यंत तिनं पंढरीची वारी केली. मुलगा लढाईवरून धडधाकट परतला तेव्हा तिनं आजीला बोलावून सांगितलं, "तुझ्या देवाला सांग, आला म्हणून." पुढं दर नाताळला त्या घरून आमच्याकडे गुळाची ढेप यायची. मिशनच्या अहवालात बाप्तिस्म्यांचा रकाना असे. त्या रकान्यात या घराचं नाव कधी आलं नाही. माझ्या मते आजीचं ते सर्वांत मोठं काम होतं.

या प्रसंगातला एक गुण मी वर्गात वेगळा काढून दाखवतो. तो जिभेचा आहे. ज्या माणसाकडे लोक आपलं दुःख उघडं करतात, त्याच्या पोटात ते राहिलं पाहिजे. आजची मुलं आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि अर्ध्या तासात तो फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर असतो. खाटेवरचा माणूस, त्याची सलाईन, मागं रडणारी बायको. साक्ष म्हणून टाकला, असं सांगतात. मी त्यांना काढायला लावतो. त्या बाईचं रडणं तुमच्या सेवेच्या जाहिरातीसाठी नाही. येशूनं कुष्ठरोग्याला बरं केलं आणि कुणाला सांगू नको म्हणून ताकीद दिली, ही गोष्ट शुभवर्तमानात आहे, आणि ती तिथं उगाच नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतल्या नवव्या आणि दहाव्या अध्यायांकडे आपल्या मंडळ्यांमध्ये फारसं लक्ष जात नाही. पेत्र यापो गावी शिमोन नावाच्या चांभाराकडे मुक्काम करतो. मेलेल्या जनावरांची कातडी कमावणारा माणूस, त्याचं घर समुद्राकाठी. सोवळंओवळं पाळणाऱ्या यहुद्यानं अशा घरात राहायचं, तिथलं खायचं. त्याच घराच्या गच्चीवर त्याला भुकेच्या वेळी दृष्टांत होतो, की देवानं जे शुद्ध केलं त्याला तू निषिद्ध म्हणू नकोस. मग तो कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याकडे जातो. आपण ही कर्नेल्याच्या परिवर्तनाची गोष्ट म्हणून सांगतो. पण नीट वाचलं तर आधी बदलतो तो पेत्र. कर्नेल्य तर आधीपासूनच देवाचं भय बाळगणारा, दानधर्म करणारा माणूस होता. मिशनरी म्हणून जो निघतो त्याचं स्वतःचं परिवर्तन व्हायचं शिल्लक असतं, आणि ते बहुतेक वेळा ज्यांच्याकडे तो निघाला त्यांच्याच घरात होतं.

आता गोव्याकडे वळायला हवं, कारण आपल्या इतिहासातलं हे प्रकरण टाळून मिशनरीबद्दल बोलणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. रुडॉल्फ अक्वाविवा हा इटालियन जेझुइट १५८० साली फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचला. बादशहानं बोलावणं पाठवलं होतं, तो पाहुणा होता. मौलवींशी त्याचे वाद झाले, बादशहानं ऐकले, मानानं वागवलं, आणि ख्रिस्ती काही झाला नाही. तीन वर्षांनी अक्वाविवा गोव्यात परतला आणि जुलै १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी चार सहकाऱ्यांसह मारला गेला. साष्टी महालातली देवळं १५६७ पासून पाडली जात होती, कुंकळ्ळीच्या लोकांनी ते भोगलं होतं, आणि त्या गावात हे लोक क्रूस उभारायला, चर्चसाठी जागा पाहायला गेले होते. पुढं पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. अक्वाविवा व्यक्तिशः तपस्वी होता, त्याला चर्चनं धन्य घोषित केलं आहे. माणूस तोच. फत्तेपूरला तो बोलावल्यावर आत गेला. कुंकळ्ळीला त्याच्या मागं फौज होती. त्यानं स्वतः शस्त्र धरलं नसेल, पण गावानं त्याच्या मागं कोण उभं आहे ते पाहिलं, आणि गावाचं पाहणं चुकीचं नव्हतं.

त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स राहत होता. विल्टशायरमध्ये जन्मलेला हा इंग्रज १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तिथंच वारला. चाळीस वर्षांत मायदेशी गेला नाही. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. मराठीच्या गौरवाच्या त्याच्या ओव्या आपण शाळेपासून ऐकतो. मला जास्त मोलाचा वाटतो तो ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग. धर्मशिक्षण चालू असताना नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हाला वाचायला काही नको का? स्टीफन्सनं ती तक्रार ऐकली, आणि आपल्या ग्रंथाच्या दारातच मांडून ठेवली. लोकांकडून काय हिरावलं गेलं आहे हे त्याला कळत होतं. त्यांच्या ओवीपाशी तो शिष्य म्हणून गेला, ती शिकला, आणि तिच्यात त्यानं आपला ख्रिस्त सांगितला. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला, तरी पुराण लोकांनी हस्तलिखितांतून जपलं, मंगळूरकडे गेलेल्यांनी सोबत नेलं. सत्तेनं दिलेलं लोक इतकं जपत नाहीत. ते त्यांच्याच घरातलं घेऊन केलेलं होतं म्हणून जपलं गेलं. तरीही तो ग्रंथ वाचताना पाडलेल्या देवळांची आठवण बाजूला सारता येत नाही, आणि ख्रिस्ती वाचकानं तर ती सारूच नये.

फौजेची गोष्ट संपली तरी भरल्या पिशवीची संपत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश राज्यात मिशनांकडे शाळा होत्या, दवाखाने होते, आणि दुष्काळात धान्य होतं. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७, मग १८९९-१९००. या वर्षांत नगर, सोलापूरकडच्या गावांतून लोक मिशनच्या दारात आले. मिशनऱ्यांनी जीव तोडून काम केलं, कित्येकांचे प्राण वाचवले, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही. माझे खापरपणजोबा त्याच धान्यावर जगले असं घरात सांगत. पण पोटात अन्न नसलेला माणूस 'नाही' म्हणू शकत नाही. ऋणात असलेल्या माणसाचा होकार देवालाही नीट मोजता येईल का, मला शंका आहे. मिशनऱ्यांमधल्या विचारी लोकांना हा पेच तेव्हाच छळत होता. तीच गोष्ट दवाखान्याची. टेबलावर आडवा झालेला रोगी डॉक्टरच्या धर्माबद्दल वाद घालणार नाही. म्हणून ख्रिस्ती डॉक्टर आणि परिचारिकांना मी सांगतो, की तुमच्या हातात जितकी सत्ता तितकं तुमचं तोंड जपून उघडलं पाहिजे. रोग्यानं बरं होऊन, कपडे घालून, घरी जायच्या वाटेवर स्वतःहून विचारलं, तर जरूर सांगा.

पिशवी भरलेलीच असेल तर ती रिकामी करण्याची एक वाट मला गॉर्डन हॉलमध्ये दिसते. हा अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईला आला, मराठी शिकला आणि पायी हिंडून बोलत राहिला. मार्च १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला गेला तेव्हा तिथं पटकी उसळली होती. जवळची औषधं त्यानं वाटून टाकली. परतीच्या वाटेवर त्यालाच पटकीनं गाठलं, आणि तो एका हिंदू देवळाच्या ओसरीवर वारला. शेवटचा आसरा त्याला त्याच देवळानं दिला, ज्याच्याविरुद्ध तो तेरा वर्षं बोलत आला होता. नगरच्या मिशनचा इतिहास सांगताना आपण पहिली शाळा, पहिलं चर्च, पहिला छापखाना यांची वर्षं सांगतो. ती ओसरीही सांगितली पाहिजे.

सिंथिया फॅरारबद्दल थोडक्यात, कारण तिनं काम केलं आणि आपल्याबद्दल फारसं लिहून ठेवलं नाही. १८२७ ला ती एकटी, अविवाहित बाई मुंबईत आली, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ ला गेली. तिच्या शाळा पाहून जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी हवं ते घेतलं, नको ते ठेवलं, आणि १८७३ ला स्वतःचा सत्यशोधक समाज स्थापला. मग फॅरारबाई अयशस्वी म्हणायच्या का? ज्याला त्या शाळांतून निघालेला उजेड दिसत नाही आणि फक्त बाप्तिस्म्याचा आकडा दिसतो, त्याला शुभवर्तमान कुणीतरी पहिल्यापासून वाचून दाखवलं पाहिजे.

आणि टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांबद्दल बोलायला लागलो की माझा तास संपत नाही. १८९३ च्या सुमारास हा चित्पावन ब्राह्मण कवी नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाला होता. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्यानं जागा दिली, अदबीनं बोलला, संस्कृत काव्याबद्दल गप्पा काढल्या आणि टिळक काय म्हणतात ते ऐकत बसला. उतरायची वेळ आली तेव्हा नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि वाचा म्हणाला. टिळकांनी शब्द दिला म्हणून वाचायला घेतली आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. तिथून पुढं त्यांना ते पुस्तक खाली ठेवता येईना. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशानं आधी टिळकांच्या विद्येचा पाहुणचार घेतला, पुस्तक काढलं ते शेवटी. लूकाच्या दहाव्या अध्यायातला क्रम रेल्वेच्या डब्यात जसाच्या तसा पाळला गेला.

टिळकांच्या बाप्तिस्म्यानं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. ताटातूट झाली. पुढं लक्ष्मीबाई मुलाला घेऊन परत टिळकांकडे आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचं सोवळं, त्यांची वेगळी चूल, वेगळं पाणी, हे सगळं टिळकांनी मिशनच्या आवारात चालू दिलं. शिवाशिवीची कल्पना आपल्या मनातून कशी गळून पडली ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलं आहे, आणि ती आधी गळली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. टिळकांचा तापटपणा, त्यांचा विसराळूपणा, घरात पै नसताना पैसे देऊन टाकण्याची सवय, हेही त्यांनी काही न लपवता लिहिलं. त्या पुस्तकात टिळकांचे सगळे दोष आहेत आणि टिळक त्यात लहान होत नाहीत. प्रचारकाची खरी परीक्षा त्याच्या घरात राहणाऱ्यांकडून होते, म्हणून मी दरवर्षी वर्गाला 'स्मृतिचित्रे' वाचायला लावतो. बालकवी ठोंबरे याच घरात मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना जेवूखाऊ घातलं, जीव लावला, आणि १९१८ साली रेल्वे अपघातात गेले ते बालकवी हिंदू म्हणूनच गेले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला, साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्तावर प्रेम असलं की पुरे. मिशनमधल्या बऱ्याच लोकांना हे पटलं नाही. धर्मशास्त्राच्या बाजूनं काही आक्षेप मलाही खोडून काढता येत नाहीत, कारण बाप्तिस्मा ही येशूची आज्ञा आहे आणि ती मी ऐच्छिक मानत नाही. पण टिळकांनी काय केलं ते मला स्वच्छ दिसतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. वारकऱ्यानं अभंग गावा तशी त्यांची गाणी आज आमच्या देवळांत रविवारच्या उपासनेत गातात. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. शेतमजूर बायका, ज्यांना टिळक कोण हे ठाऊक नाही, त्या टाळ घेऊन ती गाणी म्हणतात. मे १९१९ मध्ये टिळक गेले. दरबाराला त्यांनी दोन वर्षंही दिली नव्हती.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच वाटेचे. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन, सुबोध बायबल, संतसाहित्याचा व्यासंग, आणि हरित वसईसाठी बागायतदारांबरोबर रस्त्यावर उतरणं. वसईची विहीर आटली तर ती सगळ्यांचीच आटते, हे कळणारा धर्मगुरू गावाला आपला वाटतो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले. निवडीला विरोध झाला, धमक्याही आल्या, तरी ते गेले. त्या दिवशी आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे जमले होते.

दोन आक्षेप माझ्यापुढे नेहमी येतात. पहिला माझ्या हिंदू मित्रांचा. एवढं समजतं तर लोकांना त्यांच्या धर्मात सुखानं राहू द्या ना, सांगायला जाताच कशाला? राज्यघटनेचं पंचविसावं कलम धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. हे मी मित्रांना सांगत नाही, कारण त्यांचा प्रश्न कायद्याचा नसतो. मी सांगतो ते असं: ज्या नावानं माझ्या घराण्याला पहिल्यांदा ताठ मानेनं उभं केलं, जे नाव घेऊन माझी आई मरणाला न भिता सामोरी गेली, त्या नावाबद्दल मी मुका राहावं, ही अपेक्षा माणुसकीची नाही. तुम्ही मला ज्ञानोबांबद्दल सांगता तेव्हा मला राग येत नाही. नेवाशाला ज्ञानोबांच्या खांबापाशी तुमच्याबरोबर मी डोकं टेकवलं नसेल, पण बसलो आहे, ऐकलं आहे. मलाही तेवढंच हवं.

दुसरा आक्षेप माझ्याच विद्यार्थ्यांचा. नुसतं ऐकत आणि जेवत राहिलो तर बोलायचं कधी? बोलायचं. लूकात 'बोला' असं स्पष्ट आहे, आणि जो कधीच बोलत नाही तो भित्रा आहे. पण पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलं आहे की जो कुणी तुमच्या आशेचं कारण विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेनं द्या. म्हणजे कुणीतरी विचारावं लागतं. तुमचं जगणं पाहून वर्षभरात कुणीच काही विचारलं नसेल, तर लाऊडस्पीकर मोठा करून उपयोग नाही.

राहता राहिला नकार. त्याच दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, गावानं स्वीकारलं नाही तर पायाची धूळ झटका आणि निघा. शाप द्यायला त्यानं परवानगी दिली नाही. याच प्रवासात, एक अध्याय आधी, शोमरोन्यांच्या एका गावानं उतरू दिलं नाही म्हणून आकाशातून अग्नी मागवू पाहणाऱ्या याकोब-योहानाला तो धमकावतो. अलीकडं एका गावानं माझ्या दोन विद्यार्थ्यांना यापुढं येऊ नका म्हणून बजावलं. मारहाण झाली नाही, पण शब्द कडक होते. एकाला पोलिसांत जायचं होतं, दुसऱ्याला सगळं समाजमाध्यमांवर टाकायचं होतं. मी दोघांनाही थांबवलं. मारलं असतं तर पोलिसांत मी स्वतः गेलो असतो. पण गावानं नको म्हटलं, तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि जो नकार पचवू शकत नाही त्यानं होकार मागू नये.

त्यातला एक मुलगा घरची शेती पाहतो. कांद्याचं रोप तो ज्याच्याकडून घ्यायचा तो शेतकरी नेमका त्याच गावचा, आणि त्या दिवशी पुढं होऊन बोलणाऱ्यांत तोही होता. मुलानं मला विचारलं, आता रोप दुसरीकडून घ्यावं का? मी म्हटलं, रोप चांगलं असतं का त्याचं? म्हणाला, तालुक्यात तसं मिळत नाही. मग त्याच्याकडूनच घे, म्हटलं. भावात घासाघीस कर, नेहमी करतोस तेवढी. रोख दे. आणि त्यानं चहा विचारला तर नाही म्हणू नको.